संग्रहालयात करिअर करायचं आहे, त्यासाठी पदव्युत्तर पदवी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की हे प्रश्न यायला लागतात आणि प्रवेशाच्या तारखा संपेपर्यंत येत राहतात. विचारणाऱ्यांत इतिहासाचे विद्यार्थी असतात, रसायनशास्त्राचे असतात, नोकरी सोडायच्या बेतात असलेले असतात आणि काळजीत पडलेले पालकही असतात. सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. पण एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, ती इथेही आधीच सांगते: संग्रहालयातलं कोणतं काम करायचं आहे आणि ते कोणाकडे करायचं आहे, हे आधी ठरवा. पदवीचा निर्णय त्यानंतर घ्या. ‘मला संग्रहालय आवडतं का’ याचा शोध घेण्यासाठी दोन वर्षं आणि घरचे पैसे घालवू नका. तो शोध पदवीआधी, फार कमी खर्चात घेता येतो (प्रश्न १० पाहा).

१. संग्रहालयात नोकरीसाठी पदव्युत्तर पदवी लागतेच का?

पदावर अवलंबून आहे. शासकीय संग्रहालयात अभिरक्षक (क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा अधिकारी) किंवा सहायक अभिरक्षक व्हायचं असेल, तर व्यवहारात लागतेच. वस्तूंच्या संवर्धनाचं काम करायचं असेल, तर औपचारिक प्रशिक्षणाला पर्याय नाही (प्रश्न ५). शिक्षण विभाग, प्रदर्शनाची मांडणी, छायाचित्रण, डिजिटल नोंदणी, जनसंपर्क, संग्रहालयाचं दुकान, हिशेब या कामांना तुमचं त्या त्या कामातलं कौशल्य पाहिलं जातं. तिथे संग्रहालयशास्त्राची पदवी असली तर चांगलं, नसली तर अडत नाही.

२. संग्रहालयशास्त्रात नेमकं शिकवतात काय?

वस्तू संग्रहात आल्यापासून प्रेक्षकांसमोर जाईपर्यंतचा सगळा प्रवास. ती कुठून आली, कोणी दिली, तिच्यावर आपला कायदेशीर हक्क आहे का, हे तपासायचं. नोंदवहीत तिला क्रमांक द्यायचा, मोजमाप आणि वर्णन लिहायचं, छायाचित्र काढायचं. स्टोअरमध्ये ठेवताना आर्द्रता, प्रकाश, कीड यांपासून जपायचं. कागद, जलरंगातली चित्रं आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं माप) जास्त प्रकाश पडू द्यायचा नाही, हे नियम इथेच कळतात. त्याबरोबर लेबल लिहिणं, प्रेक्षकांचा अभ्यास, १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा, आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची नीतिसंहिता, असं बरंच काही असतं.

हे ज्ञान किती उपयोगाचं आहे, ते एखाद्या उदाहरणातून लगेच पटतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं करारानं, तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. लोकांनी रांगा लावून ती पाहिली. एका संग्रहालयाकडून दुसऱ्याकडे अशी वस्तू येते, तेव्हा तिच्यामागे करारपत्र, विमा, निघताना आणि पोचल्यावर केलेला स्थिती-अहवाल, पेटीतलं हवामान, प्रकाश, पहारा, सोबत येणारा जबाबदार माणूस अशी कामांची साखळी असते. ही साखळी सांभाळणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत. ती घडवण्याचं काम हे अभ्यासक्रम करतात.

मात्र समोरची कांस्यमूर्ती खरोखर जुनी आहे की अलीकडे ओतून जुनाट केलेली आहे, हे संग्रहालयशास्त्र शिकवत नाही. ते विषयाच्या अभ्यासातून येतं. म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

३. एम.ए. संग्रहालयशास्त्रात करू की इतिहास, पुरातत्त्व किंवा कलेतिहासात?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना संग्रहाचं काम करायचं आहे, त्यांनी आधी विषयात एम.ए. करावं आणि त्यावर संग्रहालयशास्त्राची एक वर्षाची पदविका घ्यावी.

कारण महाराष्ट्रातली संग्रहालयं एकमेकांसारखी नाहीत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती काम आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीत पाँपेईला सापडलेल्या भारतीय प्रतिमेशी नातं सांगते, म्हणजे त्या एका छोट्या वस्तूत रोमशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा आहे. ज्याला तो व्यापार माहीत नाही, तो लेबलावर ‘हस्तिदंती बाहुली’ एवढंच लिहील. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात, जे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं, चित्रं आणि शिल्पं आहेत. तिथे चित्रकलेचा इतिहास यायला हवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दारं, वाद्यं आहेत. त्या वस्तूंवर बोलायला लोकजीवनाचा आणि कारागिरीचा अभ्यास लागतो. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ पासूनच्या अजब बंगल्यात, निसर्गविज्ञानापासून शिलालेखांपर्यंत सगळं एका छताखाली आहे.

दुसरं कारण नोकरीचं. विषयातली पदवी असेल तर महाविद्यालयात शिकवणं, अभिलेखागार, संशोधन संस्था, उत्खननं या वाटा उघड्या राहतात. फक्त संग्रहालयशास्त्र असेल तर संग्रहालयातली जागा निघेपर्यंत थांबावं लागतं, आणि जागा वारंवार निघत नाहीत.

याला दोन अपवाद आहेत. एक, ज्यांना नोंदणी, उसनवारी, साठवण, प्रेक्षकसेवा हेच काम आवडतं आणि कुठल्याही प्रकारच्या संग्रहात ते करायला आवडेल, त्यांच्यासाठी पूर्ण दोन वर्षांचं संग्रहालयशास्त्र योग्य आहे. दोन, ज्यांचा एखाद्या विषयाचा व्यासंग आधीपासून पक्का आहे, लेख छापून आलेले आहेत, त्यांना विषयातलं दुसरं एम.ए. नको. त्यांनी थेट संग्रहालयशास्त्राकडे जावं.

४. हे अभ्यासक्रम कुठे आहेत?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ पासूनचा, देशातला सर्वांत जुना. मराठी मुलांना बडोदं परकं वाटत नाही, आणि शहरातच मोठं संग्रहालय असल्यानं प्रत्यक्ष काम पाहायला मिळतं. कोलकाता विद्यापीठात हा विषय १९५९ पासून आहे. बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ इथेही शिकवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९८९ मध्ये सुरू झालेली संस्था आता नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये सामावली आहे. तिथे कलेतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र असे तिन्ही विषय आहेत.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाची पदव्युत्तर पदविका शिकवली जाते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पदविका आधुनिक आणि समकालीन भारतीय कलेच्या इतिहासावर आहे. ती संग्रहालयशास्त्राची पदविका समजून अर्ज करणारे दर वर्षी भेटतात. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच. कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालू आहे, फी किती, हे संस्थेकडूनच विचारून घ्या. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

५. मला वस्तू दुरुस्त करायच्या, जतन करायच्या आहेत. पदवी हवीच का?

हवी. इथे मी जराही सूट देणार नाही. चुकीचा द्रावक लावला की रंग उतरतो आणि तो परत येत नाही. कांस्याच्या वस्तूवर हिरवट भुकटी दिसली, तर ती नुसती जुनी झाक आहे की आतून धातू खाणारा क्लोराइडचा रोग आहे, हे ओळखता आलं पाहिजे. चिंच लावून घासलेली तांब्या-पितळेची भांडी घरात छान दिसतात. संग्रहालयातल्या वस्तूवर तेच केलं तर तिचा शेकडो वर्षांचा पृष्ठभाग एका दुपारी जातो. आपण केलेला उपचार पुढच्या माणसाला काढता आला पाहिजे, हे या कामाचं पहिलं तत्त्व. ते अंगी मुरायला एखाद्या जाणत्या संवर्धकाच्या हाताखाली बराच काळ काढावा लागतो.

रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा ललितकला या शाखांतून आलेल्यांना इथे चांगली सुरुवात मिळते. लखनौची सांस्कृतिक मालमत्तेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून काम करते आणि प्रशिक्षण देते. तिचं एक केंद्र मैसुरूला आहे. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या संवर्धनशाळा आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे.

एक उमेद वाढवणारी गोष्ट: संवर्धकाला नोकरीवरच अवलंबून राहावं लागत नाही. ग्रंथालयं, देवस्थानं, जुनी घराणी, वर्तमानपत्रांची दफ्तरं, चित्रसंग्राहक या सगळ्यांकडे काम असतं. कोकणात पावसाळ्यातले चार महिने कागद आणि कापड यांचे हाल पाहिले, म्हणजे कामाची गरज किती आहे ते कळतं. पैसा आणि समाधान दोन्हींच्या हिशेबात पदवीचा खर्च सर्वांत नक्की भरून निघतो, तो या शाखेत.

६. मी बी.कॉम. किंवा इंजिनिअर आहे. मला प्रवेश मिळेल का?

संग्रहालयशास्त्राला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात. पुरातत्त्व आणि कलेतिहासालाही बऱ्याच जागी शाखेची अट सैल असते, पण प्रवेश परीक्षेत इतिहासाचं वाचन तपासलं जातं. प्रवेश मिळणं आणि पुढे पद मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही पदांच्या अटींत एम.ए.चा विषय नावानिशी दिलेला असतो (प्रश्न ८). इंजिनिअरांनी आधी पुढचा प्रश्न वाचावा.

७. विज्ञान संग्रहालयांनाही हीच पदवी लागते का?

नाही, आणि हे न कळल्यामुळे मुलांची वर्षं वाया जातात. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रामन विज्ञान केंद्र ही राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची केंद्रं. परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. तिथल्या क्युरेटरच्या जागांसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीचं शिक्षण मागतात, कारण तिथे हलणारी, हाताळता येणारी प्रदर्शनं तयार करायची असतात. एम.ए. इतिहास किंवा संग्रहालयशास्त्र तिथे कामाला येत नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. असेल आणि मुलांना समजावून सांगायची आवड असेल, तर वेगळी पदवी न घेता थेट तिकडच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवा.

८. सरकारी नोकरीची जाहिरात वाचताना काय पाहायचं?

प्रवेश घेण्याआधी जुन्या जाहिराती वाचा. हा सल्ला ऐकणारे थोडे, पण ज्यांनी ऐकला त्यांचे पैसे वाचले.

राज्याची संग्रहालयं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत: नागपूर, कोल्हापूर, सातारा, औंध, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर, पैठण, तेर आणि इतर. वरच्या गटातल्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जातात. केंद्राची संग्रहालयं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, महापालिका, विद्यापीठं यांच्या अटी वेगवेगळ्या. प्रत्येक पदाचे सेवाप्रवेश नियम असतात आणि जाहिरात त्यांतूनच येते. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीची जाहिरातही पुढच्या जाहिरातीचा चांगला अंदाज देते.

आवश्यक अर्हता आणि इष्ट अर्हता या दोन ओळी वेगळ्या वाचा. एम.ए.चा विषय कोणता मागितला आहे ते शब्दशः पाहा. ‘प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व’ असं लिहिलेलं असताना तुमच्या गुणपत्रिकेवर नुसतं ‘इतिहास’ असेल, तर छाननीत अडचण येऊ शकते. पदविका मागितली असेल तर ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची हवी का, किती मुदतीची हवी, ते पाहा. अर्जाच्या शेवटच्या तारखेला निकाल हातात असावा लागतो. ‘परीक्षा दिली आहे’ चालत नाही. अनुभव मागितला असेल तर प्रमाणपत्रावर पद, कालावधी आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असावं. वयोमर्यादा पाहा आणि उलटी वजाबाकी करा: दोन वर्षं एम.ए., एक वर्ष पदविका, दोन-तीन वर्षं अनुभव. त्यानंतर जाहिरात येईपर्यंत तुम्ही किती वर्षांचे असाल?

९. पगार किती मिळतो? कर्ज काढून शिकावं का?

शासकीय पदाला वेतन आयोगाप्रमाणे वेतनश्रेणी असते आणि ती चांगली असते. अडचण जागांची आहे. विश्वस्त संस्थांच्या संग्रहालयांत सुरुवातीचं काम बहुधा प्रकल्पावर, कराराचं असतं, आणि मुंबई-पुण्यात घरभाडं देऊन त्यातून फार काही उरत नाही. मोठी खासगी कलासंग्रहालयं थोडं बरं देतात, पण ती मोजकी आहेत.

म्हणून कर्जाचा हिशेब कागदावर मांडा. २० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १० वर्षांत फेडायचं ठरवलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये येतो. ज्या पदाच्या आशेनं शिकणार आहात, त्या पदावरच्या एखाद्या माणसाला विचारा की एवढा हप्ता भरून त्याचं घर चालेल का. देशातल्या सरकारी विद्यापीठात शिकलात, तर हा प्रश्न इतका तीव्र होत नाही. तिथली फी त्या मानानं कमी असते आणि शिष्यवृत्त्या मिळतात. माझं म्हणणं इतकंच की, सुरुवातीच्या पगारातून ज्याचा हप्ता निघणार नाही, असं कर्ज या क्षेत्रासाठी काढू नये. घर गहाण ठेवून तर नाहीच नाही.

१०. पदवी न घेता आधी अनुभव घेता येईल का?

येईल, आणि तो आधी घेतलेलाच बरा. जवळच्या संग्रहालयात, महाविद्यालयाच्या किंवा एखाद्या संस्थेच्या संग्रहात काम मागा. पत्र लिहिताना ‘मला इतिहासाची आवड आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘आठवड्यातून दोन दिवस तुमच्या नाण्यांच्या नोंदी संगणकावर उतरवून देतो’ असं लिहा. मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी अशा पत्राला उत्तर येतं. पुण्याच्या सी-डॅकनं बनवलेली ‘जतन’ ही संगणक प्रणाली देशातल्या अनेक मोठ्या संग्रहालयांत नोंदणीसाठी वापरली जाते. अशा नोंदणीत हात बसला, तर तो पुढे सगळीकडे उपयोगी पडतो.

संग्रहालयातला बराचसा दिवस गॅलरीत जात नाही. तो जातो स्टोअरमध्ये, मास्क लावून, एकेका वस्तूला क्रमांक घालण्यात, कसर लागली का ते पाहण्यात, फायली लिहिण्यात. काही आठवड्यांत ज्याला हे काम कंटाळवाणं वाटलं, त्याला एम.ए. करूनही ते कंटाळवाणंच वाटणार. आणि ज्याला संध्याकाळी कामावरून उठवत नाही, त्यानं खुशाल प्रवेश घ्यावा.

बिनपगारी कामाला मात्र मर्यादा घाला. मुदत, कामाचं स्वरूप आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र लेखी घ्या. निदान प्रवासखर्च मागा. वर्षभर पूर्णवेळ फुकट राबवून घेणारी संस्था पुढे नोकरी देईल, या आशेवर राहू नका.

११. पदवीपेक्षा एखादं कौशल्य जास्त उपयोगी पडतं, हे खरं का?

पदवीच्या जोडीला असेल तर फार उपयोगी पडतं. पहिलं नाव मोडीचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून गावोगावच्या वाड्यांपर्यंत न वाचलेले मोडी कागद अमाप आहेत आणि वाचणारे कमी. राज्याचा पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं. काही आठवड्यांत अक्षरओळख होते. पुढे रोज एक कागद वाचायचा सराव ठेवला, तर वर्षभरात बरीच मजल जाते. मराठेशाहीच्या संग्रहात काम करायचं असेल तर फारसीही हवी. प्राचीन काळासाठी ब्राह्मी आणि संस्कृत. नाण्यांसाठी नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून आहे, तिथला संग्रह आणि ग्रंथालय पाहून या.

गोव्यात काम करायचं असेल तर पोर्तुगीज शिका. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय असो किंवा पणजीतलं दफ्तर, मूळ कागद वाचता येणाऱ्या माणसाला तिथे वेगळी किंमत आहे.

दोन एम.ए. झालेल्या आणि एकही जुनी लिपी न वाचणाऱ्या उमेदवारापेक्षा एक एम.ए. आणि सफाईदार मोडी असलेला उमेदवार मी घेईन.

१२. परदेशात जाऊन शिकावं का?

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९६६ पासून आहे, आणि ब्रिटनमध्ये एम.ए. एका वर्षात होतं, त्यामुळे ओढा तिकडे असतो. शिक्षण चांगलं आहे, यात शंका नाही. पण तिथल्या संग्रहालयांतल्या जागांसाठी तिथलेच पदवीधर रांगेत असतात. परत यायचं ठरवूनच जाणार असाल, तर एक वर्षाच्या परदेशी पदवीची समकक्षता सरकारी पदाला चालते का, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्या.

माझा सल्ला असा: इथे शिका, दोन-तीन वर्षं काम करा, मग शिष्यवृत्तीवर जा. कामाचा अनुभव असलेल्यांसाठी चांगल्या संधी आहेत. ब्रिटिश म्युझियमचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम २००६ पासून जगभरच्या संग्रहालयांत काम करणाऱ्यांसाठीच चालतो. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसा क्षेत्रातल्या भारतीयांना ब्रिटनमधल्या शिक्षणासाठी मदत करतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचे निकष आणि अभ्यासक्रम त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. कर्जाबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे, ते इथे दुप्पट लागू.

१३. मी दहा वर्षं संग्रहालयात काम करतोय, पण पदवी साधीच आहे. आता एम.ए. करू का?

बढतीची वाट पदवीमुळे अडली असेल तर करा. काम शिकण्यासाठी मात्र तुम्हाला त्याची गरज नाही. अशांनी नोकरी सोडू नये. विषयातलं एम.ए. बहिःस्थ किंवा दूरस्थ पद्धतीनं होऊ शकतं. प्रवेशाआधी तुमच्या आस्थापनेला लेखी विचारा की अशा पदवीची सेवापुस्तकात नोंद होईल का आणि बढतीला ती धरली जाईल का. परवानगी न घेता केलेली पदवी पुढे वादात अडकते.

१४. ऑनलाइन अभ्यासक्रम चालेल का?

कला, इतिहास, लेबललेखन यांची ओळख करून घ्यायला चालेल. वस्तू हाताळणं आणि संवर्धन यांसाठी अजिबात नाही. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एका वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, त्यामुळे दूरस्थ एम.ए. आणि प्रत्यक्ष वर्गातलं दुसरं शिक्षण असा मेळ नियमात बसवता येतो. वेळेत बसतो का, ते तुमचं तुम्ही पाहा.

१५. नेट आणि पीएच.डी. करावी का?

नेटमध्ये ‘संग्रहालयशास्त्र आणि संवर्धन’ हा स्वतंत्र विषय आहे. शिकवायचं असेल किंवा संशोधनवृत्ती हवी असेल तर नक्की द्या. पीएच.डी. मोठ्या संग्रहालयात वरच्या पदासाठी उपयोगी ठरते. नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढायला पीएच.डी. करू नका. एखाद्या संग्रहावर अजून कोणी नीट लिहिलेलं नाही आणि ते आपण लिहायचं, अशी ओढ असेल तर मात्र जरूर करा. महाराष्ट्रात असे संग्रह पुष्कळ आहेत.

१६. आई-बाबा विचारतात, संग्रहालयात नोकरी नाही मिळाली तर?

प्रश्न रास्त आहे, त्याला चिडून उत्तर देऊ नका. हेच शिक्षण अभिलेखागारांत चालतं. उद्योगसमूहही आपला इतिहास जपतात: पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आहे, मुंबईत गोदरेजचं अभिलेखागार आहे. रिझर्व्ह बँकेचं मुंबईत नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. लिलावगृहं, कलादालनं, वारसा सल्लागार, पाठ्यपुस्तकं, वारसाफेऱ्या, माहितीपटांचं संशोधन इथेही माणसं लागतात. आणि प्रश्न ३ मध्ये म्हटल्याप्रमाणे विषयातलं एम.ए. असेल, तर शिकवण्याची वाट उरतेच. घरच्यांसमोर नुसतं स्वप्न ठेवण्यापेक्षा दोन खऱ्या जाहिराती आणि खर्चाचा कागद ठेवा. बोलणं सोपं होतं.

१७. आमच्या घरी जुन्या वस्तू आहेत, गावात संग्रहालय काढायचं आहे. त्यासाठी मी ही पदवी घेऊ का?

कायदा पदवी मागत नाही. दिनकर केळकरांनी काही संग्रहालयशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. व्यवसायानं चष्म्यांचं दुकान आणि वृत्तीनं कवी असा तो माणूस. त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय केलं आणि ते राज्य शासनाला दिलं.

कायदा मागतो ती नोंदणी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. हस्तलिखितासारख्या कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि पुरावशेष विकण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, ते देशाबाहेर नेता तर येतच नाहीत. शेतात किंवा पाया खणताना काही सापडलं, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. ते तुमच्या संग्रहात थेट येऊ शकत नाही.

तुम्हाला पदवीपेक्षा एक चांगली नोंदवही, कोरडी खोली, आणि वर्षातून काही दिवस येऊन पाहणारा संवर्धक यांची गरज आहे. घरातल्या कोणी तरुण मुलानं किंवा मुलीनं पदविका केली तर सोन्याहून पिवळं.

१८. प्रवेश मिळाला आहे, फी भरायची तारीख जवळ आली आहे, पण मन होत नाही. काय करू?

विभागात फोन करा आणि चार गोष्टी विचारा. मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात? प्रत्यक्ष प्रशिक्षण किती आठवड्यांचं आणि कोणत्या संग्रहालयात? प्रात्यक्षिकं शिकवणारे स्वतः संग्रहालयात काम केलेले आहेत का? प्रवेश रद्द केला तर फी किती आणि कधीपर्यंत परत मिळते? पहिल्या प्रश्नाला नावं मिळाली, तर त्यांतल्या दोघांशी बोला. विभागाकडे ती माहितीच नसेल, तर सावध व्हा.

उत्तरं समाधानकारक असतील आणि प्रश्न ९ मधला हिशेब जमत असेल, तर भरा फी. नसतील तर एक वर्ष थांबा. त्या वर्षात मोडी शिका, जवळच्या संग्रहालयात नोंदणीचं काम धरा, दोन-तीन जुन्या जाहिराती मिळवा आणि पुढच्या वर्षीचा अर्ज त्या जाहिराती समोर ठेवून भरा.